कोरडी खुंटी

खुंटी अजून कोरडी होती.

समोर वाळूचा एक लांबट उंचवटा समुद्रात निजल्यासारखा पसरला होता. त्याच्या पलीकडच्या कडेला, लाटांच्या अगदी तोंडाशी, हिलालने ती रोवली होती. तिच्या टोकाला बांधलेलं केशरी फडकं त्याच्याच रेल्वेच्या जुन्या जॅकेटचं होतं. किनाऱ्यावर बसलेल्या सुनंदाबाईला ते स्पष्ट दिसत होतं. लाटा फडक्याच्या पलीकडे फुटत आणि तिथूनच माघारी जात. अलीकडे हिलाल पाय फाकवून उभा होता. गळाची काठी पोटाशी, तोंड समुद्राकडे, पाठ बायकोकडे. सकाळपासून ती हीच पाठ बघत होती. तसं म्हटलं तर लग्न झाल्यापासून.

काल रात्रीपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

हिलाल सपकाळे मूळचा शिंदखेडा तालुक्यातला, तापीकाठच्या एका कोळ्यांच्या वस्तीतला. नोकरी रेल्वेत, भुसावळला. आधी गँगमन होता, मग चावीवाला झाला. खांद्यावर पाना आणि हातोडा टाकून, रुळाचा प्रत्येक जोड बघत, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकत आपल्या हद्दीतून रोज पायी जायचं, हे त्याचं काम. रुळावर घण घालून घालून डावा कान अर्धा गेला आणि खडीवरून चालून चालून उजवा गुडघा. हे दोन्ही त्याने सहज देऊन टाकले होते, जसं कुणी शेजाऱ्याला विळा देतं आणि परत मागत नाही.

सुट्टीच्या दिवशी तो सापडायचा पाण्यावर. बहुतेक वेळा तापीवर. जळगावला काही काम निघालं तर परत येताना मेहरूणच्या तलावावर, आणि तेवढ्यासाठी पिशवीत कणकेचा गोळा घरूनच नेलेला असायचा. मासा लागला तर लागला. लागलेलाही अर्ध्या वेळा शेजारच्या क्वार्टरमध्ये जायचा. त्याला हवं असायचं ते बसणं. सुनंदाबाईने पहिली काही वर्षं त्यावरून तोंडसुख घेतलं. मग एकदा ती स्वतःच भाकरी घेऊन त्याच्यामागे नदीवर गेली आणि झाडाखाली बसून तांदूळ निवडले. तेव्हापासून दोघांचं असंच चालत आलं. तो पाण्याकडे बघायचा, ती त्याच्याकडे, आणि दोघांनाही पुष्कळ झाल्यासारखं वाटायचं.

नदीवर बसण्याची त्याची एक रीत होती. बापाने शिकवलेली. गळ टाकण्याआधी पाण्याच्या कडेला एक खुंटी रोवायची. वर कुठे धरणाचं पाणी सोडलं तर तापी आवाज न करता चढते. माणूस गळाकडे बघत राहतो आणि घोटे कधी भिजले ते त्याला कळत नाही. म्हणून गळावर एक नजर आणि खुंटीवर एक. खुंटीचं बूड कोरडं आहे तोवर खुशाल बसायचं. बूड भिजलं की मासा लागलेला असला तरी उठायचं. या खुंटीने त्याला कधीच दगा दिला नव्हता.

आणि त्याला लहानपणापासून एक खूळ होतं. गावावरून जाणारं पाणी शेवटी कुठे जातं, तिथे जाऊन एकदा गळ टाकायचा. लेक सुरतेला दिली, तापी समुद्राला मिळते तिथेच, जावई हितेंद्र तिथल्या प्रोसेस हाऊसमध्ये कामाला, आणि वर मासे धरायचा नादी निघाला. चकचकीत रीळ, घडीची काठी, असलं सगळं सामान घेऊन दर सुट्टीला समुद्रावर जाणारा. हिलालला जावई तेव्हा पहिल्यांदा मनापासून आवडला. निवृत्तीनंतरचा पहिला फाल्गुन. होळी पेटवली, दुसऱ्या दिवशी रंग अंगावर होते तसेच घासून काढले आणि दोघं नवराबायको सुरत पॅसेंजरला बसली. हिलालच्या हातात यावलच्या बाजारातून आणलेल्या वेळूची, स्वतः तासून तेल पाजलेली काठी होती. अमळनेर गेलं, दोंडाईचा गेलं. नवापूरच्या पुढे डोंगर लागले तसा तो खिडकीला चिकटला आणि नदी दिसेल तिथे सांगू लागला, "हाई आपलीच शे, वं. आपलाच पानी शे." मधल्या दोन-तीन नद्या भलत्याच होत्या, तरी ती प्रत्येक वेळी वाकून बघत राहिली.

काल रात्री जेवताना हितेंद्र म्हणाला होता, "मामा, उद्या जपून बरं का. पुनवेची भरती फार मोठी असते. ओहोटीला वाळूवर चालत जाता येतं, पण पाणी फिरलं की लगेच माघारी यायचं. मोबाइलवर वेळ येते, मी सांगेन."

हिलाल हसला. "जवाई, तुमना पानी मोबाइलमा ऱ्हास. मना पानी खुंटीमा."

सुनंदाबाईला ते हसणं आवडलं नाही. हितेंद्र हात धुवायला उठल्यावर ती म्हणाली, "ते काय खोटं सांगी ऱ्हायनात का? पहिलेच तुम्हनं गुडघं..."

"मनं गुडघं मनाशी बोली. तू कसाले मधमा पडस?"

"समुंदर शे तो. तापी नई."

"पानी ते पानी. माले पानी शिकाडू नको."

जावयाच्या घरात, लेकीसमोर, त्याने ते जरा मोठ्याने म्हटलं. सुनंदाबाईने ताटावरून हात उचलला. "मंग जा. माले बोलाडू नका." आणि खरंच तिने त्याला सकाळचा चहाही न बोलता दिला.

आता ती पिशवीवर हात ठेवून बसली होती. पिशवीत कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, आणि हिलालचा मोबाइल. भिजेल म्हणून त्याने तो तिच्यापुढे ठेवला होता, तोही न बोलता. हितेंद्र थोड्या वेळापूर्वीच मोटारसायकल काढून गेला होता. लेक तान्ह्या बाळाला घेऊन बसने यायची होती, तिला फाट्यावरून आणायचं होतं. जाताना तो म्हणाला, "मामी, मामांना हाक मारून ठेवा. आता पाणी फिरेल." सुनंदाबाईने मान हलवली. आणि हाक मारली नाही. खुंटीकडे पाहिलं. खुंटी कोरडी होती. उगाच कशाला आपण आधी बोलायचं?

किनाऱ्यावर फारसं कोणी नव्हतं. सुट्टी संपून माणसं कामाला लागली होती. लांब चिखलात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या. एक म्हातारा चहाची गाडी लावून स्टोव्हला पंप मारत होता. समुद्रावरून वारा येत होता, खारट आणि ओला, आणि त्यात एक सारखा घुमणारा आवाज होता. नदीचा आवाज असा नसतो. नदी कुठूनतरी येते आणि कुठेतरी जाते, ते ऐकू येतं. हा आवाज जागच्या जागीच होता.

पाठमोऱ्या हिलालने झटका दिला. काठी वाकली. त्याने ओढून काहीतरी रुपेरी वर काढलं, वाळूवर टाकलं, वाकून गळ सोडवला. सुनंदाबाई नकळत हसली. मग तिला आठवलं की आपण रुसलेलो आहोत, आणि तिने नजर खाली घेतली.

खाली, तिच्या आणि उंचवट्याच्या मधल्या सखल भागात, सकाळी उमटलेली पावलं होती. हितेंद्रने दोघांना पलीकडे नेऊन वाळू दाखवली होती. मग ती परत आली होती, आणि थोड्या वेळाने जावईही. जाणारी तीन माणसांची, येणारी तिची आणि जावयाची. ओल्या वाळूत चांगली खोल उमटलेली.

ती पावलं दिसेनात.

आधी तिला वाटलं, ऊन डोळ्यांवर येतंय. त्या जागी एक पातळ चकाकी होती, ओल्या फरशीवर असते तशी. मग त्या चकाकीवरून फेसाचा एक तुकडा सरकत गेला. उजवीकडून डावीकडे, सावकाश, स्वतःच्या कामाला निघाल्यासारखा. त्याच्यामागून दुसरा.

"बेन!" चहावाला म्हातारा स्टोव्ह सोडून हिलालकडे बोट दाखवत उभा राहिला होता. "पेला भाई तमारा छे? पाछळ पाणी आवे छे, पाछळ!"

पाछळ. मागून. सुनंदाबाई उठली तेव्हा तिला सगळं एकदम दिसलं. पाणी खुंटीकडून येतच नव्हतं. उंचवटा उंच होता. समुद्र त्याला दोन्ही टोकांनी वळसा घालून मागच्या सखल भागात शिरत होता. ज्या वाटेने हिलाल गेला होता तीच वाट आधी भरत होती. आणि खुंटी समोर होती. कोरडी.

"ओऽऽ! अहोऽऽ!"

वाऱ्याने हाक घेतली आणि तिच्याच तोंडावर आणून टाकली. म्हातारा तळहातांचा कर्णा करून ओरडला. हिलाल हलला नाही. उजवा कान चांगला होता, पण तो लाटांकडे लागला होता.

"होडी?" ती म्हणाली.

म्हाताऱ्याने चिखलातल्या होड्यांकडे हात केला. पाणी त्यांच्यापर्यंत पोचून त्या तरंगायला अजून अवकाश होता, आणि तोवर थांबण्यात अर्थ नव्हता. "छोकराओने बोलावुं," म्हणत तो पोरांना आणायला वस्तीकडे निघाला. धावत होता, पण म्हातारं धावणं ते.

सुनंदाबाई पाण्यात शिरली. चार पावलांवर चिखलाने घोटा धरला, मग पोटरी. पाणी गार नव्हतं, पण त्याला ओढ होती, बाजूला नेणारी. तिला पोहता येत नव्हतं. चिखलातून पाय उपसून ती मागे आली आणि चप्पल आतच राहिली. समोरचा पट्टा आता हातभर नव्हता, एका शेताएवढा रुंद झाला होता.

आणि मग हिलालने वळून पाहिलं.

तिने डावा हात जोरजोरात हलवला. या, या, या. डावाच, कारण उजवा खांदा धरलेला होता. कित्येक महिने झाले, तो हात कानाच्या वर जात नव्हता. दोरीवर कपडे वाळत घालणं हिलालच करायचा. गल्लीतली माणसं हसायची, "काय भाऊ, आता लुगडी वाळवायची ड्युटी लागली का?" आणि तो पदर नीट ताणून चिमटा लावत म्हणायचा, "लाइन सरळ पाहिजे ना भो, वाकडी चालत नाही."

हिलालने तिचा हलणारा हात पाहिला. खाली वाकला. मासा उचलून उंच धरला आणि तिला दाखवला. एवढ्या लांबूनही तिला कळलं की तो हसतोय. रुसवा संपला, बायको जेवायला बोलावतेय, असंच त्याला वाटलं असणार. त्याने मासा खाली ठेवला, बोटांनी खूण केली, थांब, अजून एक. आणि परत समुद्राकडे तोंड केलं. जाता जाता खुंटीवर नजर टाकली असणार. टाकलीच असणार.

तो आता परत वळेल कधी? आणि वळला तरी काय दिसेल त्याला? हात हलवणारी बायको. हात हलवणाऱ्या बायकोचं कोण ऐकतं?

क्वार्टरमधून बाजाराला जायचं तर रूळ ओलांडावे लागत. नवीन लग्न झालं होतं तेव्हा ती पिशव्या घेऊन तिथून येत होती, आणि पलीकडे उभ्या असलेल्या नवऱ्याने एकदम दोन्ही हात डोक्याच्या वर सरळ उभे केले. ती रुळांच्या मधोमध थांबली आणि म्हणाली, काय झालं? त्याने उत्तर दिलं नाही. तोंड दगडासारखं करून हात वर धरून राहिला. ती घाबरून मागे सरली आणि मालगाडी दोघांच्या मधून धडधडत गेली. डबे संपल्यावर तो रूळ ओलांडून आला आणि पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. झेंडी जवळ नसली तर हीच खूण, म्हणाला. दोन्ही हात वर दिसले की विचारायचं नाही. हातातला पाना टाकायचा, हातोडा टाकायचा, आधी उतरायचं. मग विचारायचं. पुनाने विचारलं होतं. पुना म्हणजे त्याचा गँगमधला जोडीदार, गळाचाही सोबती. त्याने वळून "काय रे?" म्हटलं, तेवढ्यात त्याचा पाय गेला.

आणि हात खाली कधी करायचे? तिने तेव्हा विचारलं होतं, भांडण मिटवायला म्हणून. माणूस उतरला की, तो म्हणाला होता. हात खाली आले म्हणजे लाइन मोकळी.

तिने डावा हात वर केला. मग उजवा. उजवा कानापर्यंत आला आणि तिथे थांबला, नेहमीसारखा. तिने दात आवळले आणि डाव्या हाताने त्याचं मनगट धरून वर ओढलं. खांद्यात काहीतरी तडकल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे पांढरं आलं. तिने हात सोडला नाही. दोन्ही हात डोक्यावर सरळ. ती हलली नाही, ओरडली नाही. पाणी तिच्या पायांपाशी आलं. ती मागेही सरली नाही, सरली तर खूण मोडली असती.

वळा. एकदा वळा.

समुद्र घुमत राहिला. केशरी फडकं वाऱ्यावर फडफडत होतं. उंचवट्याची दोन्ही टोकं झिजत आल्यासारखी आखूड होत होती.

हिलालने खांद्यावरून मागे पाहिलं.

ते सहजच पाहिलं होतं, बायको बसली का परत, एवढंच बघायला. आणि तो थिजला. मग जे झालं ते सुनंदाबाईने पुढे कितीतरी वेळा मनात पाहिलं. त्याने हातातली काठी टाकली. ठेवली नाही, टाकली. वेळूची, तेल पाजलेली काठी. मासे तिथेच. खुंटीकडे पाहिलंही नाही. काय झालं म्हणून हात हलवून विचारलं नाही. सरळ तिच्या दिशेने निघाला, गुडघा ओढत, जमेल तेवढा भरभर. रुळावरून उतरणारा माणूस चालतो तसा.

उंचवट्याच्या अलीकडच्या कडेला आल्यावर त्याला पाणी दिसलं. तो एक क्षण थांबला. तेवढ्यात तिच्या मनात आलं, आता मागे फिरेल, उंच जागा म्हणून खुंटीपाशी जाऊन उभा राहील. नदीवरचा माणूस तेच करेल. पूर आला की उंच जागा धरायची.

तिने मनगट आणखी वर ओढलं.

तो पाण्यात उतरला. पोटऱ्या. गुडघे. मांड्या. चिखलात पाय रुतत असणार, कारण प्रत्येक पावलाला तो खांद्यापासून हलत होता. पाणी त्याला बाजूला ढकलत होतं आणि तो ढकलू देत होता, थोडं थोडं, तिरका येत होता. ते मात्र तापीचंच शिकलेलं. मध्यावर पाणी छातीला लागलं. एकदा तो खाली गेला. डोकं दिसेनासं झालं आणि सुनंदाबाईच्या तोंडातून आवाज निघाला, पण हात तसेच राहिले. डोकं वर आलं, खाली गेलं, परत वर आलं. आता तो पोहत होता. वयाने जड झालेल्या हातांनी, तोंड तिच्याकडे ठेवून. पाहता पाहता पाण्याने त्याला फार डावीकडे नेलं. तीही काठाकाठाने तिकडे सरकली, हात वर धरूनच.

मग त्याचे पाय टेकले.

तो चार पायांवर आला, मग दोन. चिखलाने माखलेला, तोंडातून खारं पाणी टाकत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. धाप लागली होती. मागे अजूनही पाहिलं नव्हतं.

"उतरनू," तो म्हणाला. "आते हात खाले कर."

तिला करता येईनात. डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर वळली होती ती सुटत नव्हती. हिलालने ते पाहिलं. त्याने एकेक बोट सोडवलं, मग आधी डावा आणि मग उजवा हात कोपरापाशी धरून हळूहळू खाली आणला, दोरीवरचे वाळलेले कपडे काढतो तसा, चुरगळणार नाही असा. उजवा खाली येताना ती कळवळली. तो थांबला, आणि मग आणखी हळू.

आणि तेव्हा, आत्ता कुठे, त्याने विचारलं, "काय व्हयनं?"

तिने हनुवटीने मागे दाखवलं.

तो वळला. उंचवटा नव्हता. ज्या जागी तो उभा होता तिथे लाटा एकमेकींवर चढत होत्या, आणि त्यांच्यात एक केशरी ठिपका वर येत होता, बुडत होता. वेळूची काठी कुठेच दिसत नव्हती. वस्तीकडून म्हातारा आणि दोन तरुण पोरं दोर घेऊन पळत येत होती. अलीकडे माणूस उभा दिसला तशी ती चालू लागली. लांब फाट्याच्या रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज येत होता.

हिलालने तोंडावरचं खारं पाणी पुसलं.

"मांगून उनं," तो म्हणाला. कुणीतरी ओळखीच्याने पाठीत धक्का द्यावा तसा चेहरा झाला होता. "मांगून. नदी अशी नई करत."

"नदी नई शे ती." कालपासूनचं तिचं त्याच्याशी हे पहिलं बोलणं. "आनि खुंटी तुमनी कोरडीच व्हती."

केशरी ठिपका आणखी एकदा वर आला. त्यानंतर आला नाही.

सुनंदाबाई खाली बसली. पिशवी पुढे ओढली, पण गाठ एका हाताने सुटेना. हिलाल ओल्या कपड्यांनी शेजारी टेकला आणि त्याने गाठ सोडली.

"भाकर खाई ल्या," ती म्हणाली. "जवाईले काठी कोठे गई ते मी सांगसू."